तिसऱ्या शाळेतली खुर्ची

आमच्या वस्तीत पोरांना घालण्याजोग्या खासगी शाळा तीन. पहिलीला उंच फाटक आहे, दुसरी फर्निचरच्या दुकानाच्या वर भरते आणि तिसरी गल्लीच्या टोकाला एका जुन्या बैठ्या घरात. सरकारी शाळाही होती, पण तिची इमारत धोक्याची ठरली, दाराला कुलूप लागलं आणि मुलांची सोय शहराच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. सोय हा शब्द त्यांचा. रोज तिकडे पोरीला पोचवायचं तर आमच्या दोघांपैकी एकाने नोकरी सोडायला हवी, आणि एकाच्या पगारात आमचं घर चालत नाही. तेव्हा या तीनपैकी एक मिळाली तर मिळाली, नाहीतर मुलगी जाणार होती नणंदेकडे, दुसऱ्या गावी.

माझी नणंद वाईट बाई नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, सरळ भांडता आलं असतं. तिला मूलबाळ नाही, तिथल्या शाळेच्या ऑफिसात ती कामाला आहे आणि तिच्या शब्दावर तिथे प्रवेश होतो. "वर्षभर राहू दे माझ्याकडे, पुढचं पुढे बघू," असं ती म्हणाली आणि लगेच फोन करून तिने सांगितलं की भाचीसाठी छोटा पलंग घेतला. वर्षभरासाठी कुणी पलंग घेत नाही. मुलं जिथे शाळेत जातात तिथलीच होऊन जातात, आणि मला माझी मुलगी सुट्टीत येणारी पाहुणी म्हणून नको होती. पण नवऱ्याने बहिणीला शब्द देऊन टाकला. तिन्ही शाळा नाही म्हणाल्या तर रविवारी येऊन घेऊन जा, असा.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून.

पहिल्या शाळेत आम्हाला बाहेर बाकावर बसवलं आणि तिला आत नेलं. थोड्या वेळाने एक बाई तिचं बोट धरून बाहेर आल्या आणि हसल्या. त्या हसण्यावरूनच मी समजले.

"गोड आहे हो. पण विचारलं की उत्तर देत नाही. एक वर्ष थांबा."

"तिला सगळं येतं," मी म्हणाले. "रंग, आकडे, वारांची नावं."

"घरी येत असेल," बाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. घरी येत असेल म्हणजे काय, आमच्या घरी निळा रंग वेगळा असतो का? मी तोंड उघडणार तेवढ्यात नवऱ्याने माझा दंड धरला आणि मला फाटकाबाहेर काढलं. त्याला माझा स्वभाव माहीत आहे.

दुसऱ्या शाळेत काचेचं दार होतं, त्यामुळे निदान दिसत तरी होतं. खालून पॉलिशचा वास येत होता आणि आत एक तरुण मास्तर संगणकात डोकं घालून बसला होता. भिंगरी त्याच्यासमोर खुर्चीत पाय हलवत बसली होती. त्याने पडद्यावरून एकदाही नजर काढली नाही. निकाल तोच, वर एक शेरा: मुलगी हट्टी आहे, दोनदा विचारलं तर नुसती हसते.

जिन्यात मी भिंगरीला धरून विचारलं, "काय विचारलं काकांनी?"

"काही नाही. काका बोललेच नाहीत."

झालं. मी तशीच उलट्या पावली वर गेले आणि त्या मास्तराला चांगलंच फैलावर घेतलं. पोरीला एक प्रश्न विचारला नाही आणि वर तिलाच हट्टी म्हणता? तो बिचारा शपथा घेत राहिला. शेवटी शिपायाने मला जिना दाखवला. म्हणजे पुढच्या वर्षीही त्या शाळेचं नाव काढायची सोय उरली नाही. नवरा खाली दुकानातल्या एका सोफ्यावर डोक्याला हात लावून बसला होता.

"तू भांडत बस," तो म्हणाला. "तिकडे ताई पलंगावर चादर घालून वाट बघतेय."

तो हे म्हणाला आणि दुकानातली सगळी गिऱ्हाईकं वळून आमच्याकडे बघू लागले. माझ्या नवऱ्याला हळू बोलता येत नाही. तो छापखान्यात रात्रपाळीला असतो. तिथे मशिनांच्या धडधडाटात वर्षानुवर्षं ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झालाय की त्याने मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघतात.

माझं काम नेमकं उलटं. मी प्रॉम्प्टर आहे. नाटक चालू असताना विंगेत संहिता घेऊन उभी राहते आणि नट वाक्य विसरला की ते त्याला पुरवते. आधी मी सगळ्यांसारखी कुजबुजायचे. मग पहिल्या रांगेतून तक्रार आली की नटाच्या आधी वाक्य आम्हालाच ऐकू येतं, आणि मॅनेजर माझ्यावर उखडले. तेव्हापासून मी आवाजच सोडून दिला. नुसते ओठ हलवते, मोठे आणि स्वच्छ. आमचे मुख्य नट, ज्यांना सगळे राजे म्हणतात, कारण रंगमंचावर ते कायम राजा असतात आणि बाहेर कायम उसनी सिगारेट मागतात, ते माझे ओठ अंधारातसुद्धा वाचतात. राजे म्हणतात, बाकीच्यांना देव वाचवतो, मला ही वाचवते.

घरीही तेच. नवरा पहाटे येतो आणि दुपार कलेपर्यंत झोपतो. दोन खोल्या, मध्ये दार नाही, पडदा. भिंगरी रांगायला लागली तेव्हापासून आमची सकाळ बिनआवाजाची. मी तिच्यासमोर बसायचे, हनुवटीला हात लावून तिचं तोंड माझ्याकडे वळवायचे आणि ओठांनीच बोलायचे. दूध पी. तिकडे जाऊ नकोस. बाबा झोपलेत. तीही तसंच बोलायला शिकली. औषधांचं दुकान चालवणारी शेजारीण म्हणायची, तुमच्या घरात मूल आहे असं वाटतच नाही. मला केवढा अभिमान वाटायचा त्याचा. लोकांची पोरं घर डोक्यावर घेतात, माझी बघा.

बोलायला ती जरा उशिरा लागली आणि काही अक्षरं खाते, पण तसं काय, बऱ्याच मुलांचं होतं. बालवाडीच्या बाई म्हणायच्या, आपल्याच नादात असते. गेल्या सुट्टीत नणंदेकडे राहून आली तेव्हा तिने एक गंमत केली होती. "आत्याकडे कुणी बोलतच नाही," असं ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. कारण नणंदेच्या तोंडाला विसावा नाही. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, कपाटात डोकं घालून काही शोधतानासुद्धा तिची टकळी चालूच असते. नवऱ्याने तो किस्सा छापखान्यातही सांगितला.

तिसऱ्या शाळेची बातमी औषधवालीनेच आणली. तिचा धाकटा तिथेच जातो.

"तिथे आईवडिलांना आत बसू देतात," ती म्हणाली. "मुख्याध्यापिका म्हाताऱ्या आहेत, पण मनाने बऱ्या आहेत. एकच जागा उरलीय म्हणे. उशीर करू नका."

आत बसू देतात. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. भिंगरी परक्या माणसांसमोर बुजते, तिला सुरुवातीचा एक शब्द मिळाला तर पुढचं ती धाडधाड बोलेल, हे मला माहीत होतं. आणि सुरुवातीचा शब्द पुरवणं हाच तर माझा धंदा. ज्या बाईने राजेंसारख्या विसरभोळ्याला इतकी वर्षं राज्य करू दिलं, तिला स्वतःच्या पोरीला एका मुलाखतीतून पार नेता येणार नाही?

नवऱ्याला मी सांगितलं नाही. त्याला फसवाफसवी चालत नाही आणि त्याचा चेहरा तर सगळं बोलून दाखवतो. पण भिंगरीला सांगितलं. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात सराव केला. मी बाईही व्हायचे आणि प्रॉम्प्टरही. ती खुदुखुदू हसायची, तेही आवाज न करता.

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. नवरा पाळीवरून थेट आला होता, डोळे लाल, नखांत शाई. गल्लीच्या टोकाला येईपर्यंत मी भिंगरीचे केस दोनदा सोडून बांधले. प्रयोगाच्या आधी माझं असं कधी होत नाही. तिथे विसरलं तर नाटक पडतं, इथे माझं लेकरू जाणार होतं.

मुलाखतीची खोली पूर्वी कुणाची तरी झोपायची खोली असावी. भिंतीत कपाटं, मध्ये बुटकं गोल टेबल, त्यावर लाकडी ठोकळे आणि चित्रं. मुख्याध्यापिकांच्या गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा होता. त्या टेबलाच्या एका बाजूला बसल्या, भिंगरी जवळच, आणि आम्हाला समोर खिडकीपाशी दोन खुर्च्या दिल्या. मी मनात म्हटलं, विंगेतली जागासुद्धा इतकी चांगली नसते. भिंगरीचा चेहरा सरळ माझ्यासमोर.

"नाव काय तुझं?" बाईंनी विचारलं.

भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं आणि खणखणीत आपलं घरचंच नाव सांगितलं. नवऱ्याने श्वास सोडला.

बाई चित्रांच्या गठ्ठ्यात काहीतरी शोधत, मान खाली घालून म्हणाल्या, "आणि घरी कोण कोण असतं?"

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. माझे ओठ हलले. "आई, बाबा आणि मी," ती म्हणाली. "आणि बाबा रात्री जातात."

"बरं. आता यातलं सगळ्यात उंच झाड कुठलं?"

पुन्हा नजर माझ्याकडे, पुन्हा माझे ओठ, पुन्हा उत्तर. मग कुठलं फळ जड, कुठला प्राणी पाण्यात राहतो, काल कुठला वार होता. ती एकेक उत्तर असं देत होती की माझी छाती फुगत चालली. शेवटी तर तिने बाईंनाच विचारलं की या चित्रातल्या माशाला डोळा एकच का आहे. बाई हसल्या. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्या लाल डोळ्यांत मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटल्यासारखं दिसलं.

मग बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. अगदी शांतपणे बघितलं.

"तुम्ही जरा इकडे येऊन बसता का?" त्या म्हणाल्या. "दोघंही. तिच्या मागे."

चोरी पकडली गेली. नवऱ्याला काहीच कळलं नव्हतं, तो खुर्ची उचलून निघाला. मीही गेले. आता माझ्यासमोर भिंगरीची पाठ होती, निळा फ्रॉक आणि मानेवर बांधलेले केस. बाई उठून कपाटाकडे गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून खेळणी काढता काढता त्यांनी विचारलं, "भिंगरी, तुला पाऊस आवडतो की ऊन?"

भिंगरीने एका ठोकळ्यावर दुसरा ठोकळा ठेवला.

"भिंगरी?" बाई म्हणाल्या. "सांगतेस ना?"

तिने तिसरा ठोकळा ठेवला. मनोरा कलला तसा तिने तो सरळ केला.

सगळं उत्तम चाललं होतं आणि आता ही अडून बसली, खरंच हट्टी आहे की काय, असं वाटून मला तिचा संताप आला. नवऱ्याचा धीर सुटला. तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "अगं, बाई काहीतरी विचारतायत." खिडकीची काच थरथरली. भिंगरी तात्काळ वळली आणि त्याच्याकडे बघून हसली.

"घरी असं ओरडल्यावरच ऐकते का?" बाईंनी कपाटातूनच विचारलं.

"नाही, नाही," नवरा ओशाळून म्हणाला. "माझा आवाजच तसा आहे."

भिंगरी पुन्हा ठोकळ्यांकडे वळली. आणि मी तिच्या पाठीकडे बघत राहिले.

विंगेतून मला बहुतेक वेळ नटांच्या पाठीच दिसतात. इतकी वर्षं मी पाठी वाचत आलेय. वाक्य विसरलेल्या माणसाची पाठ ताठ होते, मान खांद्यांत जाते, बोटं आखडतात. मुद्दाम गप्प राहिलेल्या माणसाची पाठही कळते, ती वाट बघत असते. पण कधी कधी एखाद्याला आपली पाळी आलीय हे कळलेलंच नसतं. समोरच्याचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. त्याची पाठ सैल असते. तो मजेत असतो.

माझ्या मुलीची पाठ सैल होती.

ही पाठ मी कधी बघितलीच नव्हती. ती नेहमी माझ्याकडे तोंड करून असायची, किंवा मीच तिचं तोंड माझ्याकडे वळवायचे. मी घसा साफ केला आणि साध्या आवाजात, जसं कुठलीही आई बोलते तसं, म्हणाले, "भिंगरी."

काही नाही.

"भिंगरी, मी घरी चाललेय. तू राहा इथेच."

"हे काय बोलतेस?" नवरा माझ्यावर खेकसला. त्याच्या आवाजाने तिचं डोकं किंचित हललं. माझ्या आवाजाने काहीच हललं नव्हतं. मान नाही, खांदा नाही, बोट नाही.

मी मघाशी खिडकीपाशी बसून काय करत होते, ते मला तेव्हा कळलं. मी तिला उत्तरं पुरवत नव्हते. एकही उत्तर मी सांगितलं नव्हतं. बाई मान खाली घालून विचारत होत्या, ती माझ्याकडे बघत होती, आणि माझे ओठ सवयीने बाईंचा प्रश्नच पुन्हा म्हणत होते. उत्तरं सगळी तिची होती. तिच्यापर्यंत फक्त प्रश्न पोचत नव्हते. त्या मास्तराचेही पोचले नव्हते. तो खरंच बोलला नव्हता, तिच्यापुरता. आणि नणंदेकडे खरंच कुणी बोलत नव्हतं. ती बिचारी खरं सांगत होती आणि आम्ही पोट धरून हसलो होतो.

बाई एक भिंगरीएवढी बाहुली घेऊन परत टेबलाशी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"स्वतःत रमणारी आहे," त्या म्हणाल्या. "मला अशी मुलं आवडतात. हुशार तर आहेच. तुम्ही दोघं पहिल्या जागी बसा हवं तर, तिला तुम्ही समोर लागता असं दिसतंय. शेवटचं एक विचारते आणि मग आपण कागदाचं बघू."

नवऱ्याचा चेहरा उजळला. "बस, बस तिकडे," तो मला म्हणाला आणि त्याने स्वतःच आमच्या दोन्ही खुर्च्या उचलून खिडकीपाशी नेऊन ठेवल्या.

मी बसले. भिंगरीने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिचकावले. सराव आठवला असणार तिला. मला एवढंच करायचं होतं, एक शेवटचा प्रश्न ओठांनी म्हणायचा. की जागा आमची, रविवार टळला, पलंग तिकडे रिकामा. कानांचं मग बघता आलं असतं, गुपचूप, कुणाला न सांगता. आणि सोमवारपासून ती वर्गात बसली असती. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या बाईंच्या पाठीकडे बघत. मजेत.

बाई पेन शोधत म्हणाल्या, "मोठेपणी तू कोण होणार?"

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. मी ओठ घट्ट मिटले.

शांतता किती लांबली की प्रेक्षकांना कळते, हे मला घड्याळाशिवाय सांगता येतं. आधी कुणालाच काही वाटत नाही. मग कुणीतरी खोकतं. त्याच्या आत वाक्य पुरवायचं असतं, नाहीतर सगळं हातचं जातं. मी आयुष्यात कधी खोकल्यापर्यंत थांबले नव्हते. नवऱ्याचा बूट माझ्या पायावर आला आणि दाबू लागला. भिंगरीने भुवया वर केल्या, काय, असं. मी काहीच केलं नाही. मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मी तिला असं कधीच एकटं सोडलं नव्हतं. तिचा खालचा ओठ थरथरला आणि मला वाटलं, मी कसली आई आहे.

बाई खोकल्या.

"आई," भिंगरी मोठ्याने म्हणाली, "बाई काय म्हणाल्या ते सांग ना."

नवऱ्याचा बूट माझ्या पायावरून निघाला.

"हिला ऐकू येत नाही," मी म्हणाले. "मोठा आवाज येतो, तुमचा-माझा येत नाही. मला आत्ता कळलं. इथे बसून कळलं." आणि मग मला रडू फुटलं, आणि मी ते आवरलं नाही.

"काहीतरीच काय," नवरा म्हणाला. "माझं सगळं ऐकते ती."

बाईंनी एक चित्र उचलून आपल्या तोंडापुढे धरलं आणि त्यामागून भिंगरीला नाव विचारलं. मघाशी जे तिने खणखणीत सांगितलं होतं तेच नाव. भिंगरी त्या चित्राकडे बघत राहिली. मग शहाण्यासारखं म्हणाली, "हा मासा. याला एकच डोळा आहे."

नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बाईंनी चित्र खाली ठेवलं. बराच वेळ त्या चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. "आल्यापासून माझ्या तोंडाकडे बघत होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, किती मन लावून ऐकतेय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "हे बोलल्या नसतात तर मी आत्ताच हो म्हणणार होते, हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"आता मला वर्गाच्या बाईंशी बोलावं लागेल. त्यांना जमेल का, मला माहीत नाही. डॉक्टर काय म्हणतात तेही बघायला हवं. जागा मी सोमवारपर्यंत कुणाला देत नाही. त्यापुढचा शब्द देत नाही."

मी मान हलवली. भांडले नाही. भांडायला होतंच काय.

घरी येताना नवरा आमच्या दोघींच्या मागून चालत होता. मध्येच त्याने हळू आवाजात हाक मारली, "भिंगरी." त्याला इतकं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. ती माझं बोट धरून उड्या मारत पुढे चालली होती. त्याने पुन्हा मारली, आणखी थोडी हळू, जणू कुठे थांबायचं ते शोधत होता. मग तो थांबला.

औषधवालीने ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांना फोन लावून दुपारची वेळ मिळवून दिली. नवऱ्याने जिन्यातूनच बहिणीला फोन केला. तो बोलत होता आणि सगळी इमारत ऐकत होती.

"नाही, ताई, रविवारी येऊ नकोस. शाळा मिळो, न मिळो, पाठवत नाही. नाही, हिने काही भरवलेलं नाही माझ्या मनात... अगं, तू बोलतेस ते तिला ऐकूच येत नाही. तुझ्याकडे होती ना, तेव्हाही येत नव्हतं. सगळे दिवस." पलीकडून नणंदेचं रडणं मला दारातूनही ऐकू आलं. माझा जिच्यावर राग होता तिच्यासाठी मला वाईट वाटलं. "पलंग ठेव," तो म्हणाला. "सुट्टीत येऊ. आम्ही तिघं येऊ."

मग तो पडद्यामागे जाऊन आडवा झाला. डोळ्यांवर हात घेतला, पण झोपला नव्हता.

भिंगरी खिडकीपाशी जमिनीवर बसून वाट्यांचा मनोरा रचत होती, माझ्याकडे पाठ करून. मी दारात उभी राहिले. या घरात मी तिला कधी हाक मारली नव्हती. हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना. पहिल्यांदा नुसता श्वास आला. मग साधी हाक, जी कुठल्याही घरात मारतात. तिने एक वाटी ठेवली. मी आणखी जोरात मारली. मग आणखी. शेवटी मी जीव खाऊन अशी ओरडले की खालच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला.

ती दचकून वळली. वाट्या गडगडत गेल्या. मोठे डोळे करून तिने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे बघितलं, आणि चवड्यांवर चालत माझ्यापाशी आली. मी खाली बसले. तिने दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली, माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि आवाज न करता, ओठ मोठे आणि स्वच्छ हलवून ती मला म्हणाली, ओरडू नकोस, बाबा झोपलेत.